सिअर्स बंद होतंय, पाने-पकडी घेऊ का?

प्रश्न:
नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात, हेवर्डजवळ राहतो. गेल्या वर्षी एक जुनं टाउनहाऊस घेतलं. दर आठवड्याला काहीतरी गळतं, निखळतं नाहीतर करकरतं. घरात अवजारं म्हणाल तर फर्निचरबरोबर आलेल्या एलन की आणि शेजाऱ्यांची परत द्यायची राहिलेली एक पक्कड. तासाभरावरच्या मॉलमधलं सिअर्स, म्हणजे त्या जुन्या अमेरिकन दुकान-साखळीची शाखा, आता बंद होतंय. दारावर 'सगळा माल काढायचाय'च्या पिवळ्या पाट्या लागल्यात, ४० टक्क्यांपर्यंत सूट म्हणतात. मी तिथे क्राफ्ट्समन छापाच्या अवजारांचा २३० नगांचा संच बघून आले. नवरा म्हणतो, बुडत्या दुकानातून 'आजन्म हमी'ची वस्तू घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. माझे बाबा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त झालेत. दिवाळीनंतर ते सहा महिने इकडे येणार आहेत. त्यांच्या हाताला काम मिळावं आणि जाताना त्यांना चांगली अवजारं देता यावीत असं मनात आहे. दोनशे डॉलरच्या आसपास खर्च करायचाय. सूट खरी असते का? हमीचं काय? नेमकं काय घेऊ? आणि एक, तिथले वयस्कर विक्रेते इतके उदास दिसतात, की भाव विचारायलाही ओशाळल्यासारखं होतं.
– स्नेहल

उत्तर:
स्नेहल, आधी हमीचं बोलू, कारण घरातला वाद त्यावरून आहे आणि तो निम्मा तुम्ही जिंकलेला आहे.

तुमचे यजमान दुकान आणि छाप एकच धरून चाललेत. पुष्कळ वर्षं तसं धरणं बरोबरही होतं. सिअर्सने क्राफ्ट्समन हे नाव १९२७ साली एका छोट्या अवजार कंपनीकडून ५०० डॉलरला विकत घेतलं, आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं ते सिअर्सच्याच घरचं राहिलं. मात्र सिअर्सने स्वतः कधी पाने घडवले नाहीत. घडवणारे कारखाने वेगळे, नाव आणि हमी सिअर्सची. पाना तुटला की दुकानात न्यायचा, पावती न दाखवता नवा घेऊन यायचं, या रिवाजावर इथल्या दोन-तीन पिढ्यांनी विश्वास टाकला. मग दुकान खंगत गेलं, रोकड लागली, आणि २०१७ मध्ये सिअर्सने हे नावच स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर या अवजारं बनवणाऱ्या कंपनीला विकलं. ५२ कोटी ५० लाख डॉलर लगेच, तीन वर्षांनी आणखी २५ कोटी, आणि वर नव्या विक्रीतला हिस्सा, असा तो सौदा होता. पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर २०१८ ला, सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे घरातला दागिना आधीच सुरक्षित हाती गेला होता, घर नंतर बसलं.

याचा तुमच्यापुरता अर्थ इतकाच की क्राफ्ट्समनची हमी सिअर्सबरोबर मरत नाही. आज लोज आणि एस हार्डवेअर या दोन्ही साखळ्यांत क्राफ्ट्समन मिळतं आणि साधी हात-अवजारं, म्हणजे पाने, गोट्या (नट-बोल्टवर बसणारी सॉकेट), पकडी, मोडल्यावर बदलून मिळतात. हुबेहूब तीच वस्तू मिळेल असं नाही. त्या मापाची, सध्या जी बनते ती हातात पडते. तेवढं मान्य असेल तर दुकान उद्या बंद झालं तरी काळजी नाही.

आता यजमानांचा निम्मा मुद्दा. नाव विकताना सिअर्सने एक हक्क राखून ठेवला होता: आपल्या दुकानांसाठी क्राफ्ट्समन नावाचा माल आपण स्वतंत्रपणे बनवून घेऊ शकतो. त्यामुळे काही काळ बाजारात एकाच नावाचे दोन माल होते, आणि 'खरं क्राफ्ट्समन आमच्याकडेच' अशा थाटाची जाहिरात सिअर्सने केली तेव्हा स्टॅन्लीने २०१९ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं. म्हणून पाकीट उलटून मागचा पत्ता वाचा. टाऊसन, मेरीलँड असेल तर तो स्टॅन्लीचा माल आणि हमीचा दरवाजा सरळ उघडा. हॉफमन इस्टेट्स, इलिनॉय असेल तर तो सिअर्सचा. तोही वाईट असतो असं नाही, पण अशा वस्तूची पावती आणि पाकिटावरचा हमीचा मजकूर मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि किंमत आणखी उतरली असेल तरच घ्या. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना, या सगळ्यातून वगळा, त्याची हमी पहिल्यापासून मोजक्या मुदतीचीच असते. आणि काउंटरवर कुणी जास्तीचा 'संरक्षण करार' विकायला आलं तर हसून नाही म्हणा. बंद होणाऱ्या दुकानाचा करार घ्यायचा नसतो, इथे यजमान शंभर टक्के बरोबर आहेत.

सवलतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक फसतात ते इथेच.

दुकान रडतखडत चालू असतं तेव्हाची सूट आणि दुकान अधिकृतपणे मोडीत निघतं तेव्हाची सूट, यांचे नियम वेगळे. दारावर पिवळ्या पाट्या लागल्या की दुकानाची सूत्रं माल काढून देणाऱ्या कंपनीच्या हातात जातात. त्यांचं काम एकच: उरलेल्या मालातून जास्तीत जास्त पैसे उभे करायचे. त्यासाठी पहिल्याच दिवशी आधीचे सगळे 'सेल'चे भाव रद्द करतात आणि सूट छापील किमतीवरून मोजायला लागतात. समजा एका संचाची छापील किंमत १०० डॉलर आहे. क्राफ्ट्समनचे संच तर सिअर्समध्ये सदैव सेलवर असायचे, फादर्स डेला आणि थँक्सगिव्हिंग ते नाताळच्या दिवसांत हमखास. म्हणजे मागच्या महिन्यात तो ६० ला मिळत असेल. आता त्याच्यावर '३० टक्के सूट' लागली की तो ७० ला झाला! वर माणसं रांग लावून घेतात, कारण दुकान बंद होतंय म्हटल्यावर हिशेब करायचं कुणाला सुचत नाही.

म्हणून पाटीवरचा टक्का वाचूच नका. मोबाइल काढा, तोच मॉडेल क्रमांक लोजच्या साइटवर बघा, आणि तसाच संच होम डेपोत हस्की नावाने किंवा हार्बर फ्रेटमध्ये कितीला मिळतो तेही बघून घ्या. या दुकानांच्याही हात-अवजारांना आजन्म हमी असते, आणि तिथे पसंत न पडलेली वस्तू परत देता येते. मोडीतल्या दुकानात 'विकला तो विकला'. म्हणून माझा ठोकताळा असा की चालत्या दुकानातल्या भावापेक्षा किमान पंचवीस-तीस टक्के तरी खाली असेल तरच बंद होणाऱ्या दुकानातून घ्यायचं. परत न देता येण्याची ती किंमत समजा. विक्रीकर वेगळा, तो कॅलिफोर्नियात कुठेही सव्वासात टक्क्यांच्या खाली नाही आणि तुमच्या भागात त्याहून बराच जास्त आहे, पण तो कुठल्याही दुकानात लागतोच म्हणून तुलनेत सोडून द्या.

अशा विक्रीला साधारण दोन-अडीच महिने लागतात. सुरुवातीला दहा ते तीस टक्के, मग चाळीस-पन्नास, शेवटच्या दिवसांत सत्तर-ऐंशी. तुम्ही चाळीसच्या पाटीपाशी आहात, म्हणजे वाट मधली आहे. हात-अवजारं शेवटपर्यंत टिकत नाहीत. गाड्या दुरुस्त करणारे आणि बांधकामवाले भाव जाणतात, ते पन्नासच्या आसपास येऊन सुट्टे पाने आणि नामवंत पकडी उचलून नेतात. मागे उरतात ते राक्षसी संच, विचित्र मापाच्या गोट्या आणि कधी कधी अनोळखी छापाच्या वस्तू. या शेवटच्यांपासून सावध राहा. विक्री चालवणारी कंपनी कोर्टाची परवानगी घेऊन बाहेरचा मालही आणून त्याच रॅकवर लावू शकते. ज्या छापाचं नाव तुम्ही सिअर्समध्ये कधी पाहिलं नव्हतं, त्या पक्कडीवर साठ टक्के सूट असली तरी ती मुळात कितीची होती हे देव जाणे.

जुन्या सिअर्स कार्डावरचे पॉइंट, कूपनं, घरात पडलेली गिफ्ट कार्डं चालतीलच असं धरून जाऊ नका. आधी काउंटरवर विचारा, मग टोपलीत टाका.

आता त्या २३० नगांच्या संचाकडे येऊ. तो घेऊ नका, किंवा निदान आधी डबा उघडायला लावून मोजा. एवढे मोठे आकडे कसे जमतात ते एकदा बघण्यासारखं असतं. एलन कीच्या दोन जुड्या, प्रत्येक काडी एक नग. स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर बसवायची इवलीशी बिटं, प्रत्येक एक नग. मग एकाच मापाच्या गोट्या तीन वेगवेगळ्या चौकोनांच्या (चौकोन म्हणजे गोटी दांड्यावर बसवायचं भोक). तुमच्या उपयोगाच्या वस्तू त्यात चाळीसेक निघतील. त्याऐवजी तीन सुती चौकोनाचा, म्हणजे ३/८ इंचाचा, एक मध्यम संच बघा, ज्यात मिलिमीटर आणि इंच दोन्ही गोट्या असतील. दोन्ही का, तर गाडी जपानी असो की अमेरिकी, तिचे बोल्ट आता मिलिमीटरमध्ये असतात, पण घरातले नळ, गवत कापायचं जुनं यंत्र, वॉटर हीटरचे जोड इंचातच अडकलेत. दहा मिलिमीटरची गोटी आहे ना ते नक्की बघा. ती सगळ्यात आधी हरवते, आणि उघड्या डब्यातून चोरीलाही तीच जाते.

रॅचेट, म्हणजे गोट्या फिरवायचा टिकटिक करणारा दांडा, हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याच्यावर एक गोटी चढवा, गोटीत नट हलक्या हाताने धरा आणि दांडा उलटा फिरवा. दांडा मागे येताना टिकटिक होईल. त्यावेळी नट बोटांत जागच्या जागी राहिला तर उत्तम. नटही दांड्याबरोबर मागे फिरायला लागला तर आतली कळ जड आहे, आणि अर्धवट सुटलेला बोल्ट अडचणीच्या जागी काढताना हीच कळ जीव खाते. जुन्या क्राफ्ट्समन रॅचेटला आत ३६ दाते असायचे, म्हणजे पुढचा दाता पकडायला दांडा १० अंश फिरावा लागे. हल्लीच्यांना ७२ असतात, ५ अंशांत भागतं. सिंकखालच्या कपाटात डोकं घालून काम करताना हा पाच अंशांचा फरक मानेला कळतो. रॅचेटच्या पाठीवर एक बटण असतं, ते दाबलं की गोटी सुटते. ते बटण सिअर्सच्याच एका विक्रेत्याच्या डोक्यातून आलेलं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानात नोकरी करणाऱ्या पीटर रॉबर्ट्स या कोवळ्या पोराने १९६०च्या दशकात ते सुचवलं, कंपनीने त्याच्याकडून हक्क जास्तीत जास्त १०,००० डॉलरच्या बोलीवर घेतले आणि लाखो रॅचेट विकले. कल्पनेचं मोल आपल्यापासून लपवलं म्हणून तो कोर्टात गेला, आणि खटला रेंगाळत रेंगाळत १९८९ मध्ये ८२ लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. काउंटरपलीकडच्या माणसाला आपण विकतो त्या वस्तूची किती जाण असू शकते ते यावरून समजा. त्या उदास काकांकडे आपण पुढे येणारच आहोत.

पक्कड बघताना जबडे मिटून ती दुकानातल्या दिव्यासमोर धरा. कापायच्या धारेतून उजेडाची रेघ दिसली तर ती पक्कड बारीक तार कापणार नाही, चावून सोडेल. मग दोन्ही दांडे हातात धरून आडवे हलवा. खिळ्यापाशी खुळखुळ नको. घरातून निघताना एक ओळखीच्या मापाचा बोल्ट पर्समध्ये टाका आणि पाना त्याच्यावर चढवून बघा. नीट बसायला हवा, आणि डोकं सैल हलायला नको. काकू-काका काय म्हणतील याची लाज बाळगू नका. हे सगळं दुकानातच करायचं असतं, कारण परत करायची सोय नाही. आणि तुमच्याकडे तर हुकमी एक्का आहे! बाबांना व्हिडिओ कॉल लावा आणि पान्याचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरा. आयुष्यभर फिटरकी केलेला माणूस पाच सेकंदांत सांगेल. मात्र भारतात तेव्हा मध्यरात्र नसेल एवढं बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 'अमेरिकन बनावट'चा मोह कुणीतरी घालेल म्हणून सांगतो. क्राफ्ट्समनची हात-अवजारं बरीच वर्षं इथेच बनत. २०१० नंतरच्या काळात बहुतेक काम चीन आणि तैवानकडे गेलं. स्टॅन्लीने टेक्ससमध्ये फोर्ट वर्थला ९ कोटी डॉलरचा नवा कारखाना काढून ते परत आणायची घोषणा २०१९ मध्ये केली, पण तिथली स्वयंचलित यंत्रं मनासारखी चाललीच नाहीत आणि २०२३ मध्ये कारखाना बंद केल्याचं जाहीर झालं. तेव्हा रॅकवरचा माल बाहेरचाच असणार. तैवानचा असेल तर नाक मुरडू नका, तिथे चांगले पाने बनतात. जुनं अमेरिकन पोलाद हवंच असेल तर ते मॉलमध्ये नाही, इस्टेट सेलमध्ये मिळेल. एखाद्या आजोबांचं गॅरेज रिकामं होतं तेव्हा पन्नास वर्षं वापरलेले, तेलाने काळपट झालेले क्राफ्ट्समनचे पाने मूठभर डॉलरला जातात. शनिवारी सकाळी लवकर गेलात तर. वापरलेली असली तरी हमी त्यांनाही लागते, पण माझं ऐकाल तर असा पाना बदलून नवा घेऊ नका. जुनाच जास्त चालेल.

जे अजिबात घ्यायचं नाही ते म्हणजे बॅटरीवर चालणारं काहीही. सिअर्सच्या काळातल्या क्राफ्ट्समन ड्रिलला १९.२ व्होल्टच्या बॅटऱ्या होत्या. स्टॅन्लीच्या आताच्या मालाला २० व्होल्टच्या, आणि त्या एकमेकांत बसत नाहीत. पाटीवर सत्तर टक्के सूट दिसेल, यंत्रही छान चालत असेल, पण दोन वर्षांनी बॅटरी मेली की हातात प्लास्टिकचा दगड उरेल. ड्रिल चालत्या दुकानातून, चालत्या बॅटरीच्या घराण्यातलं घ्या. तीच गत 'डायहार्ड' या सिअर्सच्या गाडीच्या बॅटऱ्यांची. तेही नाव २०१९ मध्येच अॅडव्हान्स ऑटो पार्ट्सला २० कोटी डॉलरला विकलं गेलंय, तेव्हा या दुकानात उरलेल्या जुन्या बॅटरीपायी पैसे घालवण्यात अर्थ नाही.

दोनशे डॉलरमध्ये काय बसवावं? मी असतो तर तो मध्यम गोटी-संच, आठ आणि दहा इंची असे दोन अॅडजस्टेबल पाने, दोन-तीन चांगले स्क्रूड्रायव्हर (फिलिप्सचा, म्हणजे फुलीच्या टोकाचा, दोन नंबर दोनदा घ्या, तोच झिजतो), एक साधी पक्कड, एक लांब नाकाची, सोळा औंसाची नखवाली हातोडी, पंचवीस फुटी टेप आणि दोन फुटी लेव्हल इथवर आलो असतो. पाइपसाठीची सरकत्या जबड्याची पक्कड मात्र चॅनेललॉकचीच घ्या, ती अजून पेनसिल्व्हेनियात बनते आणि सिंकखाली तिच्यासारखं दुसरं काही नाही. ती त्या दुकानात नसली तर कुठल्याही हार्डवेअरमध्ये पूर्ण भावाने घ्या. टेप घेतलीत की त्यावर दर सोळा इंचांना केलेली खूण शोधा. भिंतीतले लाकडी खांब इथल्या घरांत बहुधा तेवढ्या अंतरावर असतात, फळी ठोकताना कामी येईल.

वर्षातून एकदा लागणारी अवजारं विकत घेऊ नका. बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयाची अवजारं उसनी देणारी शाखा १९७९ पासून चालू आहे, ओकलंडलाही टेमेस्कलमध्ये तशी आहे. दोन्हीकडे रहिवाशांचे आपापले नियम आहेत, तेव्हा तुमच्या गावच्या लायब्ररीत आधी विचारा. टाइल कापायचं यंत्र घरात सांभाळण्यापेक्षा हे बरं.

विक्रीच्या शेवटच्या टप्प्यात पुन्हा एक चक्कर मारावी अशी एकच वस्तू आहे: अवजारांचं खणांचं कपाट. मांडून ठेवलेला, एका बाजूला पोचा पडलेला तुकडा असेल तर तोच बघा. ही कपाटं वजनदार असतात, मोडीतलं दुकान घरपोच देत नाही, म्हणून ती शेवटपर्यंत पडून राहतात आणि तिथे घासाघीसही चालते. खालचा खण पूर्ण बाहेर ओढा, त्यावर तळहाताने दाब द्या. खण वाकला नाही आणि न अडकता परत गेला तर पोच्याकडे दुर्लक्ष करा. व्हॅनवाला मित्र मात्र आधी गाठून ठेवा.

राहिले ते विक्रेते. स्नेहल, ओशाळू नका. सूट त्यांच्या खिशातून जात नाही, आणि तुम्ही पूर्ण भावाने घेतलंत तरी त्यांची नोकरी वाचत नाही. भाव ठरवणारा माणूस त्या मजल्यावर बहुधा नसतोच. पण ज्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं त्या रॅकसमोर काढलीत त्यांना कुठला संच परत येत नव्हता आणि कुठला दर आठवड्याला यायचा हे तोंडपाठ असतं. भाव विचारायच्या आधी तेच विचारा: "यातलं तुमच्या घरी काय आहे?" आता विक्रीचं टार्गेट उरलेलं नसतं, त्यामुळे उत्तर सरळ मिळतं, आणि मागच्या खणातला अर्धा संच कुठे आहे हेही कळतं. गर्दी नसेल तर थांबून चार शब्द बोला, बाबांबद्दल सांगा. बहुतेक लोक बोलायला आतुर असतात.

बाबांना देण्यासाठी घेताना इंचाच्या गोट्या वगळा. नाशिकला त्या डब्यात पडून राहतील. पण दहा-अकरा, बारा-तेरा, सोळा-सतराचे पाने त्यांच्याकडे आधीच असणार, आणि सातपूरच्या माणसाला चांगली पक्कड अमेरिकेतून न्यायची गरज नाही, टपारियाचा कारखाना त्यांच्या गावातच आहे. त्यांना द्यायचीच तर ७२ दात्यांची, पातळ डोक्याची रॅचेट द्या, मिलिमीटरच्या गोट्यांसकट. एकच वस्तू, पण हातात घेतल्याबरोबर त्यांना फरक कळेल. हमी तिकडे चालणार नाही, हे आधीच सांगून टाका. विमानात सात इंचांहून लांब कुठलंही अवजार केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, तेव्हा सगळं मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. आणि बॅग २३ किलोंची असते हे विसरू नका. लोखंड ते फार लवकर भरतं, आणि चितळ्यांच्या बाकरवडीची जागा रिकामी झाली म्हणून तेवढीच भरावी हा हिशेब परतीच्या बॅगेत चालत नाही.